टेपमावशी आणि विद्यापीठाची वेबसाइट

माझी मावशी कपडे शिवते आणि तिच्या गळ्यात मापाची टेप असते. असते म्हणजे असतेच. बाजारात जाताना, दवाखान्याच्या रांगेत बसताना, शेजारच्या मुलीच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा. फोटोवाला "ते जरा काढा" म्हणाला तेव्हा तिने चष्मा काढला, कारण टेप ही काढायची वस्तू आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आमची अख्खी गल्ली तिला टेपमावशी म्हणते. मी सख्खी भाची, तरी तिची ओळख करून देताना मलाही तेच नाव आधी आठवतं.

नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडेच राहते. पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची जागा. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मावसबहीण लग्न होऊन लांब गेली. घरातल्या कुठल्याही वस्तूला मी हात लावू शकते, फक्त तिच्या कात्रीला नाही. एकदा मी त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली होती, तर दोन दिवस माझ्याशी अबोला होता.

मावशीला बघायचं तर ट्रायलच्या वेळी बघावं. गिऱ्हाईक कच्चे टाके घातलेला कपडा अंगावर चढवून पडद्याबाहेर येतं, आरशासमोर उभं राहतं आणि लगेच पोट आत ओढून श्वास धरतं. तरुण असो, म्हातारं असो, बाई असो की पुरुष, यात कोणी सुटलेलं नाही. मावशी तोंडात टाचण्या धरून शांत उभी राहते. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? शेवटी सोडतोच. मग ती टाचण्या हातात घेते आणि म्हणते, "हां, आता आलात तुम्ही. मगाशी दुसरंच कोणीतरी उभं होतं." कोणी फारच ओशाळलं तर समजूतही घालते. "अहो, माझ्यासमोर बारीक होऊन काय मिळणार तुम्हाला? इथे कपडा बसला आणि घरी उसवला, तर नाव माझंच खराब."

तर अशा या बाईने यंदा विद्यापीठात जायचं ठरवलं.

तिची शाळा मध्येच सुटली होती. सुटली कसली, सोडवली. घरात मशीन आलं आणि दप्तर माळ्यावर गेलं. बाहेरून परीक्षा देत देत ती गेल्या वर्षी बारावी पास झाली, अगदी काठावर. एका विषयात तर गुरुजींनी दया केली असावी असं तीच सांगते. आता विद्यापीठ कामधंदा करणाऱ्या लोकांसाठी संध्याकाळचे पदवीचे वर्ग काढणार होतं, आणि मावशीला भूगोल शिकायचा होता. भूगोलच का, असं मी विचारलं. "बातम्यांत सांगतात, वादळ तिकडून येतंय. तिकडून म्हणजे नक्की कुठून, हे मला कळायला नको?"

मी त्याच विद्यापीठाच्या संगणक विभागात काम करते, आणि आमच्या विभागाने त्याच सुमारास नवी वेबसाइट तयार केली होती. दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण तिची रचना ज्या बैठकीत ठरली तिथे मी बिस्किटं खात बसलेली होते, त्यामुळे ती अशी का झाली हे मला पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक विभागप्रमुखाला पहिल्या पानावर आपली जागा हवी होती, ऑफिसात असते तशी, दारावर पाटी लावून. मग वसतिगृहाची माहिती गेली 'मालमत्ता' या शब्दाखाली, कारण वसतिगृहाची इमारत मालमत्ता विभागाच्या ताब्यात. वर्ग कधी सुरू होणार ते गेलं 'परिपत्रके'मध्ये, आणि तिथे परिपत्रकांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. जो इथे जन्म घालवून बसलाय त्याला सगळं जिथल्या तिथे वाटेल. काल बारावी होऊन आलेल्या पोराने काय करायचं, कपाळ आपटायचं?

हे मी बोलून दाखवलं. मला राग आला की मी बोलून दाखवते, आणि राग मला पटकन येतो. आमच्या विभागप्रमुखांना माघारी सगळे 'समजा साहेब' म्हणतात. कुठलंही काम घेऊन जा, ते मान डोलावून म्हणतात, "झालं समजा." माणूस मनाने चांगला आहे, ओरडत नाही, कोणाची रजा अडवत नाही. पण त्यांचं 'झालं समजा' ऐकून माझ्या मस्तकाची शीर उडते, कारण झालेलं कधीच नसतं.

साइट येत्या सोमवारी नव्या विद्यार्थ्यांसाठी उघडणार होती; तोवर ज्याच्याकडे तिचा पत्ता असेल त्यालाच ती दिसायची. त्याच दिवसापासून प्रवेशाची चौकशी खिडकी कायमची बंद. ज्याला जे विचारायचं ते त्याने साइटवर शोधावं. मी म्हटलं, "साहेब, नवीन माणूस यात हरवेल." ते म्हणाले, "कशावरून?" मी म्हटलं, "बसवून बघू या." आणि आश्चर्य म्हणजे ते हो म्हणाले. गुरुवारची दुपार दिली. नव्या विद्यार्थ्यांना एकेक करून कॉम्प्युटरसमोर बसवायचं, साधीसाधी कामं सांगायची आणि मागे बसून बघायचं. लोक हरवले तर सोमवार पुढे ढकलू, सापडलं तर उघडू, असा आमचा सौदा ठरला.

या कामाचा एकच नियम आहे, पण तो जिवावर येतो. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. समोरचा चुकतोय, भलतीकडे चाललाय, आपल्याला उत्तर माहीत आहे, तरी गप्प बसायचं. कारण तो घरी एकटा बसून शोधेल तेव्हा त्याच्या मागे आपण नसणार.

संध्याकाळच्या वर्गाला जाणारं एक माणूस मला हवं होतं, आणि ते घरातच होतं. मी मावशीला विचारलं तर तिने मशीन थांबवलं. मशीन ती सहसा थांबवत नाही.

"बघायला कोण कोण असणार?"

"मी आणि आमचे साहेब."

"तुझे साहेब? स्वतः?"

"हो. पण मावशी, तुझी परीक्षा नाहीये ही. साइट कशी आहे ते बघायचंय. तुला नाही सापडलं तर दोष साइटचा."

"कळलं," मावशी म्हणाली.

मावशी 'कळलं' म्हणाली की तिला कळलेलं नसतं, तिचं ठरलेलं असतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि तरीही मी लक्ष दिलं नाही. त्या आठवड्यात ती मशीनवर बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत असायची. फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मला वाटलं, मापं घोकत असेल. एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या लागता लागता राहिल्या, तेव्हाही मी नुसती हसले.

गुरुवारी मी इतकी हुरळून गेले होते की सकाळपासून दोनदा खोली झाडली. आमच्या मजल्यावरची कोपऱ्यातली छोटी खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर, समोर एक खुर्ची आणि मागे दोन. बाहेर व्हरांड्यात एक बाक. माझं म्हणणं खरं की खोटं ते आज कळणार होतं, आणि मला ते खरं ठरायला हवं होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू.

पहिल्या मुलाला धडपडत का होईना, सगळं सापडलं. दुसऱ्याला काहीच सापडलं नाही. तिसरी आली ती पाठीवर स्वतःपेक्षा मोठी सॅक घेऊन. तिला वसतिगृहात जागा हवी होती, खरोखरच हवी होती, त्यामुळे ती अगदी मन लावून शोधत होती. 'विद्यार्थी उपक्रम' पाहिलं, 'सुविधा' पाहिलं, आणि शेवटी 'मालमत्ता' उघडलं तेव्हा मी मनातल्या मनात उडी मारली. पण तिथून ती पोचली बागेच्या देखभालीच्या निविदेवर. ती तिने संपूर्ण वाचली, बिचारीने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मीच बावळट आहे."

"तू नाहीस, साइट बावळट आहे," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. डोळे पुसत ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

साहेब म्हणाले, "हल्ली मुलांचं लक्ष नसतं हो. एकाला सापडलंच की." म्हणजे साहेबांच्या लेखी काटा अजून मध्यावरच होता, आणि आता फक्त मावशी उरली होती.

ती आत आली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नवा राखाडी कोट, खास शिवलेला. केस चापूनचोपून. आणि गळ्यात टेप नव्हती. मी जन्मात पहिल्यांदा तिची मान पाहिली.

"संध्याकाळचे वर्ग कधी सुरू होणार, ते शोधून दाखवा," मी म्हटलं. ऑफिसात म्हणून अहो-जाहो, त्यावर ती गालातल्या गालात हसली.

मग जे झालं ते बघून मी तोंडात बोट घातलं. मावशीने माउस धरला आणि सुटलीच. प्रशासन, परिपत्रके, दुसरं पान, खालून तिसरा क्रमांक, उघडलं. तारीख समोर. वर्ग कुठल्या इमारतीत? मालमत्ता, नकाशे, झालं. विषय बदलायचा तर? अधिष्ठाता कार्यालय, डाउनलोड, झालं. आम्हालाही जे शोधायला घाम फुटतो ते ती मटार सोलावेत तसं काढून ठेवत होती. साहेब खुर्चीच्या कडेवर आले होते. मला क्षणभर अभिमानाने भरून आलं, आणि दुसऱ्या क्षणी तो अभिमान ओसरला, कारण माझं म्हणणं समोर बसून माझीच मावशी खोटं पाडत होती.

तेवढ्यात माझं लक्ष टेबलावरच्या तिच्या पर्सकडे गेलं. चष्म्याची पेटी आतून डोकावत होती, बंद. चष्म्याशिवाय मावशीला सुईचं नेढं सोडा, सुईसुद्धा दिसत नाही. म्हणजे ती वाचतच नव्हती. ते पुटपुटणं, तो डब्याला टेकवलेला फोन, डाव्या बाह्या, सगळं एकदम डोक्यात लख्ख झालं. बाईने माझ्या फोनमधून पत्ता काढून अख्खी वेबसाइट पाठ केली होती.

आता बोलायचं तरी काय? साहेबांदेखत सख्ख्या मावशीला सांगायचं की तू लबाडी केलीस? माझे कान तापले आणि मी गप्प बसले. नियमही तोच होता, सोयीचा.

"ताई, कमाल केलीत तुम्ही," साहेब उभे राहून म्हणाले. "पूर्णच्या पूर्ण मार्क. तुम्हाला जमलं म्हणजे कोणालाही जमेल. सोमवारी उघडतोय आपण. झालं समजा."

मावशीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पूर्ण मार्क तिला आयुष्यात कोणी दिले नव्हते. माळ्यावर गेलेलं ते दप्तर जणू कोणीतरी खाली काढून तिच्या हातात दिलं होतं.

"आणि ती खिडकीही आता बंद करून टाकू," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

"कुठली खिडकी?" मावशीने विचारलं.

"चौकशीची. आता काय गरज? ज्याचं त्याला सापडतंय, तुम्हीच दाखवलंत."

"आणि बाहेर ती मुलगी डोळे पुसत बसलीय, तिने कोणाला विचारायचं?"

"शिकेल हो तीही. तुम्ही नाही का शिकलात?"

उठायला लागलेली मावशी परत खाली बसली. तिचा हात गळ्याशी गेला, टेप चाचपायला, आणि तिथे टेप नव्हती. मग ती म्हणाली, "साहेब, मी पोट आत ओढून बसले होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बायकांचं काही दुखत असेल अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"अहो, तसं नाही," मावशी म्हणाली. "आमच्याकडे ट्रायलला येतात ना लोक, ते श्वास धरून उभे राहतात. कपडा छान बसल्यासारखा दिसतो. मी जन्मभर त्यांना दटावत आलेय, श्वास सोडा म्हणून. आणि इथे मी स्वतः तेच केलं. आठवडाभर घोकलंय मी हे सगळं. वाटलं, हिचे साहेब बघणार, हिची मान खाली जायला नको. आणि खरं सांगू? मलाही एकदा पास व्हायचं होतं." शेवटचं वाक्य ती टेबलाकडे बघून बोलली.

मला तिचा इतका अभिमान वाटला की मगाशी वाटलेला अभिमान त्यापुढे काहीच नव्हता.

"आता मला असं काहीतरी विचार, जे मी पाहिलेलं नाही," ती मला म्हणाली. पर्समधून चष्मा काढून तिने डोळ्यांवर चढवला आणि मोठ्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. आता आली ती.

"ग्रंथालयाचं कार्ड कसं काढायचं?" मी विचारलं.

मावशी शोधायला लागली. वाचत, पुटपुटत, बोट पडद्यावर फिरवत. 'शैक्षणिक' मध्ये गेली, परत आली. 'उपक्रम' मध्ये गेली, तिथे तिला ग्रंथालयाच्या उद्घाटनाचे फोटो सापडले. "हे तुम्हीच ना साहेब? कोटाचा खांदा उतरलाय तुमच्या," ती म्हणाली आणि पुढे गेली. मग वर सरकणारी बातम्यांची पट्टी वाचायला गेली, तर बातमी पळाली. ती परत यायची वाट बघत बसली. साहेबांची चुळबुळ सुरू झाली. त्यांचा हात पुढे आला, बोट पडद्याकडे निघालं.

"साहेब, सांगायचं नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तसा मोठा माणूस, पण आता त्यांना तिच्यापेक्षा जास्त घाम फुटला होता. मावशी आणखी एकदा मालमत्तेत जाऊन आली, बागेची निविदा तिलाही भेटली. शेवटी तिने माउस सोडला आणि प्रसन्नपणे म्हणाली, "नाही बाई सापडत."

समोरचा माणूस हरला म्हणून नाचावंसं वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ. साहेबांनी मांडीखालून हात काढले. मग म्हणाले, "सोमवार राहू द्या." त्यापुढे 'समजा' नव्हतं.

मी मावशीला सोडायला बाहेर आले तर ती माझ्या पुढे निघून थेट बाकापाशी गेली. सॅकवाली मुलगी अजून तिथेच होती.

"मलाही नाही सापडलं गं," मावशी तिला म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. त्या साहेबांना विचार, ते साक्षीला होते. ऊठ, चहा घेऊ."

मुलगी हसली, आणि दोघी जिना उतरून गेल्या.

त्यानंतरचे दिवस नुसते धमाल होते. आम्ही पहिलं पान उसवायला घेतलं. विभागांची नावं उतरवली आणि तिथे नव्या माणसाच्या तोंडचे प्रश्न लावले. माझे वर्ग कधी आणि कुठे? राहायला जागा मिळेल का? कार्ड कुठे काढायचं? सॅकवाली मुलगी रोज येऊन आमची भाषा सुधारायची. "'निवास व्यवस्था' कोण म्हणतं हो?" असं ती साहेबांना तोंडावर विचारायची. मालमत्तावाल्यांनी आरडाओरडा केला, आमचं नाव का काढलं म्हणून. साहेबांनी त्यांना शांतपणे सांगितलं की नाव परत लावलं समजा. त्यांचा तो शब्द मला तेव्हा पहिल्यांदा आवडला. चौकशी खिडकी चालूच राहिली.

घरी मात्र मावशीने माझ्यावर बंदी घातली. जेवताना मी साइटचा 'सा' काढला की ती कानांवर हात ठेवायची. "नको सांगूस, पाठ होईल माझ्या."

दुसऱ्या खेपेला ती कामावरून तशीच उठून आली. बाहीला दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, गळ्यात टेप. चष्मा लावला, श्वास सोडला आणि वाचायला लागली. एकदा चुकली, परत आली. मला ओठ चावून बसावं लागलं. पण तिला तारीख सापडली, इमारत सापडली, ग्रंथालयाचं कार्डसुद्धा सापडलं, सगळं तिच्या संथ वेगाने आणि पहिल्यांदाच बघून.

"बास, आता उठलात तरी चालेल," मी म्हटलं.

मावशी उठली नाही. ती पुढेच चालली होती. प्रवेशाचा अर्ज आम्ही सकाळीच साइटला जोडला होता, दुसऱ्या दिवशी उघडायचा म्हणून. तो तिने उघडला. नाव लिहिलं, एकेक अक्षर शोधत. जन्मतारीख लिहिली. विषयाच्या जागी थांबली, टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि भूगोल निवडला. साहेब पुतळ्यासारखे बसले होते. मी तोंडावर हात दाबून धरला होता, नियमासाठी नव्हे, मला रडू येत होतं म्हणून. तिने सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि 'पाठवा' दाबलं.

पडद्यावर आलं, तुमचा अर्ज मिळाला.

साहेबांनी घसा खाकरला. "ताई, अर्ज गेला समजा."

"समजायचं काय त्यात?" चष्मा काढत मावशी म्हणाली. "गेला."